रायमुनियाला अतिक्रमणाची नोटीस कोण देणार?



गेल्या महिन्यात एका गावाच्या ग्रामसभेत वनखात्याचे एक साहेब आले होते. गावाचं नाव छापत नाही, साहेबांचंही नाही. गावाला सामूहिक वनहक्क मिळून दोन वर्षं झाली, आता जंगलाचा आराखडा करा, हे सांगायला ते आले होते. सोबत छापील नमुना होता. त्यात एक रकाना होता, ‘जंगलावरील ताण’. त्याखाली चार गोष्टी आधीच छापलेल्या: अवैध तोड, चराई, वणवा, अतिक्रमण. आपण पुढे फक्त खूण करायची. म्हणजे जंगलाचं जे काही बिघडलं ते माणसानं आणि ढोरानं बिघडवलं, हे फॉर्म भरायच्या आधीच ठरलेलं. मागे बसलेली एक म्हातारी बाई उठली. म्हणाली, "साहेब, यात रायमुनिया कुठं लिहायचा?" साहेब हसले. "ते तर तण आहे आजी. ते कशाला लिहायचं?"

सभेतले काही लोकही हसले. आम्हाला मात्र वाटतं की त्या दिवशी त्या सभेत सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. म्हणून या अंकात त्याच्यावर लिहितो आहोत.

रायमुनिया सगळ्यांना माहीत आहे. पश्चिमेकडचे साथी त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. लाल-पिवळी, गुलाबी फुलं, काळी फळं, पान चुरगळलं की उग्र वास, आणि हातापायाला ओरखडे काढणारे काटे. आता पंचविशीत असलेल्या पोरांना वाटतं की हे झुडूप जंगलात पहिल्यापासून आहे. तसं नाही. हे मूळचं अमेरिका खंडातलं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ते कलकत्त्याच्या बागेत आणून लावलं. साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणावर फुलं छान दिसत होती. पाखरांनी फळं खाल्ली, बी जंगलात नेलं, आणि दोनशे वर्षांत ते हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या डोंगरांपर्यंत पोचलं. आपल्या भाषांमध्ये मोहाला, तेंदूला, चाराला जुनी नावं आहेत, त्यांची गाणी आहेत, त्यांचे सण आहेत. रायमुनियाचं गाणं कोणाला येत असेल तर आम्हाला कळवा.

आता हे झुडूप करतं काय? ज्या बाया रोज जंगलात जातात त्यांना हे सांगायची गरज नाही, पण आराखड्यात लिहायचं तर नीट मांडावं लागेल. दाट रायमुनियाखाली ऊन पोचत नाही. गवत मरतं. कुसळ, मारवेल, शेडा, रोशा, यातलं काही तिथे टिकत नाही. तेंदूचं, चाराचं, आवळ्याचं बी पडतं, पण रोप वर येत नाही. मोठी झाडं उभी असतात, पण त्यांच्या खाली त्यांची लेकरं नसतात. लांबून पाहिलं तर जंगल भरलेलं दिसतं. आत गेलं तर म्हाताऱ्यांचं गाव, एक पोर नाही.

ढोरं तो पाला खात नाहीत. उन्हाळ्यात चारा नसला की एखादं जनावर तोंड घालतं, मग त्याला कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी सुटते. गुराख्यांनी हे पाहिलेलं आहे. चितळ आणि गव्यालाही चरायला गवतच लागतं. रानडुकरांना मात्र रायमुनिया आवडतो, खायला नाही, लपायला. दिवसभर त्या जाळीत झोपायचं आणि रात्री आपल्या बांधीत उतरायचं. आपलं वावर आणि जंगल यांच्या मध्ये जिथे रायमुनियाचा पट्टा आहे, तिथेच नुकसान जास्त का, हे ज्याने राखण केली आहे त्याला विचारा.

आणि मोह वेचायचा कसा? खालून जाळी असली तर फूल काट्यात पडतं. कडूकंद खणायचा, भाजी खुडायची, डिंक काढायचा, सगळीकडे आधी वाट तोडायची. वाट दिसत नाही तिथे अस्वलाची भीती, आणि ती भीती नुसती मनाची नाही.

हे सगळं आपल्याला माहीत आहे. मग आराखड्यात लिहायचा एवढा आग्रह का? कारण लिहिलेल्या कागदावर पुढचे निर्णय होतात. समजा, एखाद्या जंगलात चितळं कमी झाली. कागदावर ताण म्हणून फक्त चराई, तोड, वणवा आणि अतिक्रमण लिहिलं असेल, तर कारण शोधताना बोट कोणाकडे जाणार? आपल्या ढोरांकडे. गवत कमी झालं तर ढोरांनी खाल्लं. रोपं नाहीत तर आपण तोडली. मग चराई बंद, मग गाव उठवा. ज्या आराखड्यात रायमुनियाचा हिशोब नाही, त्यात रायमुनियाने केलेलं नुकसान आपल्या खात्यावर चढतं. इतकी साधी गोष्ट आहे.

वनहक्क कायद्याचं कलम ४(२) वाचा. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात हक्कांमध्ये बदल करायचा तर सरकारला आधी सिद्ध करावं लागतं की हक्कधारकांच्या राहण्यामुळे, त्यांच्या कामांमुळे प्राण्यांचं आणि त्यांच्या अधिवासाचं भरून न येणारं नुकसान होतं आहे. सहजीवनासारखा दुसरा वाजवी मार्ग उरलेला नाही हेही ठरवावं लागतं. आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते. आता हे ‘सिद्ध’ कसं करणार? मैदानावर जाऊन. मैदानावर जर अर्ध्या भागात रायमुनिया डोक्यावर वाढलेला असेल आणि त्याची एक ओळही नोंद नसेल, तर ते सिद्ध करणं खोटं आहे, असं आपण म्हणू शकतो. पण त्यासाठी आपल्याकडे आपली नोंद पाहिजे. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, हे आपण दाव्यांच्या वेळी शिकलो आहोत.

उपग्रहाच्या नकाशाचंही सांगतो, कारण आता प्रत्येक बैठकीत तो दाखवतात. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरच्या तुकड्यावर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलं की त्याला वनाच्छादन धरतं. झाड कोणत्या जातीचं, जमीन कोणाची, हे त्यात पाहत नाहीत. निलगिरी असली तरी हिरवं, सुबाभूळ असली तरी हिरवं. आणि छत्राच्या खाली काय आहे ते वरून दिसतच नाही. म्हणून "तुमच्या भागात जंगल वाढलं" असं कोणी नकाशा दाखवून म्हटलं, तर विचारा, कशाचं वाढलं?

हे तण जंगलात शिरलं कसं, हाही प्रश्न आहेच. दाट, धड जंगलात रायमुनिया फारसा माजत नाही. त्याला ऊन लागतं. जिथे कूप तोडले, जिथे मिश्र जंगल साफ करून सागाच्या ओळी लावल्या, जिथे बांबू ओरबाडून नेला, जिथे रस्ता काढला, तिथे जमीन उघडी पडली आणि तो आत आला. ती तोड कोणाच्या आदेशाने झाली ते खात्याच्या दप्तरात आहे. पण इथे आपलाही हिशोब सांगितला पाहिजे, नाहीतर आपण आणि ते यात फरक काय. गावाजवळच्या जंगलात आपणही सरपणासाठी, घरासाठी एकाच जागेवर वर्षानुवर्षं कुऱ्हाड चालवली. उन्हाळ्यात मोहाखाली पाला पेटवून तसाच सोडून आलो. त्या जागांवरही आज रायमुनिया आहे. ते लिहायला लाजू नका.

एक इशारा मात्र द्यायचा आहे. ‘परदेशी झाड’ हा शब्द जपून वापरा. मिरची, मका, टमाटर, सीताफळ, पेरू, काजू, हे सगळं अमेरिकेकडूनच आलेलं आहे. अमरावती जिल्ह्यात पायविहीर गावाने आपल्या सामूहिक जंगलातलं सीताफळ विकून नाव कमावलं, आणि ते चांगलंच झालं. कोण कुठून आला यावर आमचा राग नाही. जो येऊन बाकीच्यांना जगू देत नाही, त्याच्यावर आहे. उद्या कोणी परदेशी झाडांच्या नावाखाली आपल्या परसातली झाडं मोजायला आला, तर त्याला हे सांगा. आणि हेही विचारा की सामाजिक वनीकरणात सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प कोणी लावलं होतं.

आता काढण्याबद्दल. खात्याच्या आराखड्यांत ‘तणनिर्मूलन’ नावाची ओळ कधी कधी असते, पैसेही असतात. आम्ही पाहिलेलं एक काम सांगतो. दुसऱ्या भागातले मजूर आणले. दिवाळीनंतर, फळं पिकलेली असताना, कोयत्याने कमरेइतकं वरून छाटलं. ढीग केले, पेटवले, फोटो काढले, गेले. गावातल्या एकालाही विचारलं नाही आणि एकालाही मजुरी मिळाली नाही. पुढच्या पावसात प्रत्येक खुंटाला आठ-दहा फुटवे आले, आणि जिथे ढीग ओढत नेले होते तिथे बी सांडून नवीन रोपं उगवली. दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा दाट जाळी. आता तिथे पुन्हा तणनिर्मूलनाचं काम निघेल. धंदा म्हणून पाहिलं तर वाईट नाही.

यापेक्षा बरी रीत आहे, आणि ती अवघड नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात ती बसवली. त्यांनी पाहिलं की फुटवा येतो तो खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून. म्हणून वरून छाटायचं नाही, पूर्ण मूळही उपटायचं नाही. मातीत दोन-तीन बोटं खाली कुदळीचा घाव घालायचा, गाठीच्या खाली मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. जमीन फारशी उकरली जात नाही, त्यामुळे पडलेलं बीही कमी उगवतं. ज्या झाडांवर पाखरं बसतात त्यांच्या खाली पुन्हा पुन्हा पाहायचं, कारण तिथे विष्ठेतून बी पडतं. आणि मोकळी झालेली जागा मोकळी ठेवायची नाही. त्याच पावसात आपल्याच रानातलं गवताचं बी तिथे टाकायचं. नाहीतर रायमुनिया गेला आणि रानतुळस किंवा गाजरगवत आलं, असं होतं. सागाच्या ओळी लावू द्यायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या मते आपल्याकडे यासाठी रोवणी आटोपल्यावरचा काळ चांगला, फळं पिकायच्या आत. माती ओली असते, कुदळ चालते. पण पुढची दोन-तीन वर्षं दर पावसात फिरून नवीन रोपं हाताने उपटावी लागतील. ज्या गावाला हे जमणार नाही त्याने मोठा तुकडा हाती घेऊच नये. आधी मोहाच्या झाडांखाली, मग तेंदूच्या जागा, मग वावराच्या कडेचा पट्टा, मग पाणवठ्याची वाट. नाल्याच्या उतारावर मात्र एकदम सगळं काढू नका, माती वाहून जाईल. ससे, बुलबुल, तित्तर त्यात राहतात, त्यांनाही जागा बदलायला वेळ लागतो. आणि कोणी औषध फवारून एका दिवसात जाळून देतो म्हणालं, तर ग्रामसभेचा ठराव करून नाही म्हणा. त्याच उतारावरून आपलं पाणी येतं, त्याच जमिनीतली भाजी आपण खातो.

सोलिगांकडे काय झालं

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहेत. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. पूर्वी ते उन्हाळा कडक व्हायच्या आत जंगलात हलकी आग फिरवत. पाला जळायचा, मोठ्या झाडांना धक्का लागत नसे, गवत नवीन फुटायचं. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं. शेती बंद, शिकार बंद, आग बंद. सोलिगा म्हातारे सांगतात की ही आग बंद झाल्यावर रायमुनिया सुटला. संशोधकांनी त्या ५४० चौरस किलोमीटर जंगलात ठरलेल्या जागांवर दोनदा मोजणी केली. १९९७ साली शंभरातल्या ४१ जागांवर रायमुनिया होता. २००८ साली ८१ जागांवर. आधी वीस खोडांमागे एक खोड रायमुनियाचं होतं, अकरा वर्षांनी तीन खोडांमागे एक झालं. या अकरा वर्षांत सोलिगांनी शेतं वाढवली नव्हती, आग लावायला बंदी होती, पहारा होता. म्हणजे माणसाला हात बांधून बसवलं तरी जंगल आपोआप सुधारत नाही, हे आकडे सांगतात. २०११ साली सोलिगांना तिथे सामूहिक हक्क मिळाले, व्याघ्र प्रकल्प असताना मिळाले. तिथल्याच मले महादेश्वर डोंगरात सोलिगा रायमुनियाच्या काड्या उकळून, सोलून खुर्च्या आणि टोपल्या विणतात. चार पैसे येतात. पण त्याने जंगल साफ होईल असं कोणी समजू नये, आणि तो धंदा चालावा म्हणून रायमुनिया राखायची वेळही येऊ नये.

आगीबद्दल आम्ही घाईने मत देणार नाही. शास्त्रज्ञांमध्येही दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, वारंवार लागलेल्या आगीने जंगल उघडं पडतं आणि रायमुनियाच वाढतो, कारण तो जळून पुन्हा बुडातून फुटतो. वाळलेल्या रायमुनियात आग लागली तर ती जमिनीवर न राहता झाडाच्या शेंड्याला पोचते, हे तर आपण पाहिलेलं आहे. सोलिगांची आग वेगळी होती: लवकरची, हलकी, रायमुनिया माजायच्या आधीची. आज दाट जाळीत तीच काडी टाकली तर वणवा होईल. तेव्हा म्हाताऱ्यांची रीत बरोबर होती म्हणून आज कुठेही पेटवायचं, असं नाही. पण प्रत्येक आग गुन्हा आणि प्रत्येक आदिवासी आरोपी, हेही आम्हाला मान्य नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, कोणाच्या देखरेखीखाली, हे ग्रामसभेने ठरवायचं आणि आराखड्यात लिहायचं.

कायदा आपल्या बाजूला आहे. कलम ३(१)(झ) नुसार सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन हा आपला हक्क आहे. कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं. २०१२ साली नियम बदलले, त्यातल्या नियम ४(१)(च) प्रमाणे आराखडा ग्रामसभेची समिती तयार करते, आणि खात्याच्या कार्य आयोजनेशी त्याची जोड घालताना काय फेरबदल हवेत ते समिती ठरवते. नमुना छापून आणणारे साहेब मदत करू शकतात, रकाने ठरवू शकत नाहीत. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली हक्क मिळाला, आणि बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. हक्काचा कागद मिळाल्यावरही किती झगडावं लागतं ते त्यातून दिसतं.

काही साथी विचारतात, "तण त्यांनी आणलं, आम्ही का काढायचं?" प्रश्न खरा आहे. फुकट काढायला आमचाही विरोध आहे. रोजगार हमीतून मजुरी मिळाली पाहिजे, मस्टर ग्रामसभेसमोर वाचलं गेलं पाहिजे, आणि एकदाच नव्हे, तीन वर्षांसाठी. पण "ते काढतील" म्हणून थांबलो तर जाळी आपल्या दारात येईल. जंगल आपलं म्हणून आपण लढलो, तर त्यातलं तणही आता आपल्याच अंगणातलं आहे.

म्हणून आराखड्याच्या आधी मोजणी करा. फार काही लागत नाही. एक दहा हाताची दोरी, एक वही, लिहिणारा एक पोरगा, आणि जंगल ओळखणाऱ्या तीन-चार बाया. गावाच्या शिवेपासून सरळ रेषेत चालायचं. दर दोनशे पावलांवर थांबायचं, सोयीची जागा पाहून नाही, जिथे पाऊल पडेल तिथे. दोरी मध्ये धरून गोल फिरवायची. त्या गोलात रायमुनिया नाही, गुडघ्यापर्यंत, की डोक्याच्या वर, ते लिहायचं. मग तेंदू, मोह, चार, आवळा यांची गुडघ्याखालची रोपं मोजायची. गवत कोणतं, आहे की नाही. जुनी तोड, जळाल्याची खूण, ढोरांचं शेण, हेही खरं खरं लिहायचं. जागेचं आपलं नाव लिहायचं, कंपार्टमेंट नंबर शेजारी. दुसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा. रानमोडी, गाजरगवत, बेशरम, वेडी बाभूळ, जे दिसेल ते वेगळं नोंदवा. ही वही जैवविविधता नोंदवहीलाही जोडता येते, ज्या गावात ती झाली आहे तिथे.

ज्या गावात साहेब हसले होते, तिथल्या ग्रामसभेने त्या छापील रकान्यात पेनाने पाचवी ओळ वाढवली आहे: रायमुनिया. त्यासमोर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. मोजणी तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आत करायची असं ठरलं आहे. दोरी आणि वही कशी वापरायची ते पाहायला दोन दिवस कोणाला यायचं असेल तर आपापल्या भागाच्या कार्यकर्त्याकडे नाव द्या. येताना कुदळ आणा, आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा. त्यांना कुठे काय होतं ते आठवतं.